निद्रास्त्र आणि त्याचा उतारा

टीव्हीवरच्या जिगलीपफचं गाणं सहसा वाया जात नसे. ती गायला लागली की ऐकणारे जागच्या जागी आडवे व्हायचे, आणि आपलं गाणं कुणी पुरतं ऐकलंच नाही म्हणून चिडलेली जिगलीपफ सगळ्यांच्या तोंडावर मार्करने रेघोट्या ओढून निघून जायची. कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन बघत मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या पिढीला झोपेचं अस्त्र पहिल्यांदा भेटलं ते असं. मूळ व्हिडिओ गेममध्ये मात्र याच गाण्याचा, 'सिंग' नावाच्या मूव्हचा, नेम 100 पैकी 55 वेळाच लागतो. या 55 पासूनच सुरुवात करायला हवी, कारण पोकेमॉनचे सामने गंभीरपणे खेळणाऱ्यांची सगळी झोपविद्या अशा आकड्यांवर उभी आहे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडूच्या टीममध्ये सहा पोकेमॉन असतात आणि प्रत्येकाला चारच मूव्ह येतात. प्रत्येक टर्नला दोघं खेळाडू एकमेकांना न दाखवता आपली निवड करतात: एक तर मूव्ह मारायची, नाही तर मैदानातला पोकेमॉन मागे घेऊन दुसरा आणायचा. मग ज्याचा वेग जास्त त्याची मूव्ह आधी. समोरच्याचे सगळे पोकेमॉन गारद झाले की सामना जिंकला. नियम एवढेच. यात पोकेमॉनचा जीव किती उरला हे पडद्यावरच्या पट्टीवर दिसतं, म्हणून नवा खेळाडू त्या पट्टीकडे डोळे लावून बसतो. मुरलेला खेळाडू टर्न मोजतो. आपल्या हातात अजून किती टर्न आहेत, समोरच्याच्या किती, आणि त्यातल्या फुकट किती जाणार आहेत, हा त्याचा हिशेब.

झोप ही त्या हिशेबावर थेट हात घालते. झोपलेल्या पोकेमॉनच्या जिवाला धक्का लागत नाही. त्याची मूव्ह मात्र होत नाही. त्याला मैदानात ठेवावं तर टर्न वाया जाते, मागे घ्यावं तरी टर्न खर्च होतेच, आणि मागे बसून त्याची झोप सरत नाही. म्हणून विषबाधा किंवा भाजणं यांपेक्षा झोपेला खेळाडू जास्त वचकून असतात.

किती टर्न जातात? हे आकडे खेळाच्या आवृत्तीप्रमाणे बदलत गेले आणि त्यांच्यात या खेळाचा अर्धा इतिहास आहे. 1996 साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या रेड आणि ग्रीनमध्ये झोप 1 ते 7 टर्न टिकायची, आणि जागं होण्यातच ती शेवटची टर्न जायची. सरासरी 4 टर्न. सहा जणांच्या सामन्यात एकाच्या 4 टर्न गेल्या की तो जवळपास मेल्यातच जमा. त्यामुळे त्या काळी सामन्याची सुरुवात बहुतेक झोपवण्याच्या शर्यतीनेच व्हायची. गेंगारचा मूळ वेग 110, त्याच्याकडे हिप्नोसिस, नेम 60 टक्के. जिंक्सचा वेग 95, पण तिच्या लव्हली किसचा नेम 75 टक्के. आधी मारायचं की नेम साधायचा, हा प्रश्न पहिल्याच टर्नला उभा राहायचा. पुढे आवृत्त्यांच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत झोप 1 ते 4 टर्नवर आली आणि पाचव्या पिढीपासून 1 ते 3 वर. म्हणजे आज सरासरी 2 टर्न.

आता हा हिशेब करून बघा. हिप्नोसिस 100 पैकी 60 वेळा लागतं आणि लागलं की सरासरी 2 टर्न खातं. म्हणजे आपली एक टर्न घालून समोरच्याच्या 1.2 टर्न पदरात. स्लीप पावडरचा नेम 75 टक्के, तिथे हा आकडा 1.5 होतो. जिगलीपफच्या गाण्याचा 1.1. आणि स्पोर नावाची बुरशीच्या बीजाणूंची मूव्ह कधीच चुकत नाही. तिथे पुरे 2. या चार आकड्यांकडे नुसतं पाहिलं तरी कळतं की चांगले खेळाडू हिप्नोसिसला जुगार का म्हणतात आणि स्पोर येणाऱ्या पोकेमॉनला नुसतं समोरच्याच्या यादीत पाहून सावध का होतात. बटरफ्रीसारख्याची गोष्ट वेगळी. त्याच्या 'कंपाउंड आइज' या अंगभूत गुणाने नेम 1.3 पट होतो, म्हणजे स्लीप पावडर 97.5 टक्क्यांवर जाते. टीव्हीवर ज्या फुलपाखराला सोडून देताना मालिकेचा नायक अॅश रडला होता, तेच फुलपाखरू सामन्यात असं भारी पडू शकतं.

सरासरी हा आकडा अर्धंच सांगतो. 1 ते 3 टर्नच्या झोपेत पहिली टर्न जाणार हे पक्कं. दुसऱ्या टर्नला तो झोपलेलाच असण्याची शक्यता तीनात दोन, तिसऱ्या टर्नला तीनात एक. चौथ्यांदा तो जागा असणारच. म्हणजे झोपवणाऱ्याच्या हाती एक पक्की टर्न आहे, एक बऱ्यापैकी भरवशाची आणि एक अगदी नशिबाची. जे करताना मार खाणं परवडणार नाही ते पक्क्या टर्नला करायचं.

पण ती पक्की टर्न येते कधी? हे वेगावर ठरतं, आणि नवखे खेळाडू नेमकं इथे चुकतात. डार्करायसारखा 125 वेगाचा पोकेमॉन आधी मूव्ह मारून समोरच्याला झोपवतो, तेव्हा समोरच्याची ती पक्की टर्न त्याच क्षणी खर्च होते. त्याने आपल्यावर हल्ला केला नाही हा फायदा, पण पुढच्या टर्नला तो उठण्याची शक्यता लगेच तीनात एक असते. उलट ब्रेलूम किंवा अमूंगस हे संथ. ते आधी मार खातात, मग झोपवतात. पण मग पुढची अख्खी टर्न त्यांच्या हातात पक्की असते. म्हणून वेगवान पोकेमॉनला झोप ढालीसारखी वापरता येते, आणि संथ पण चिवट पोकेमॉनला ती तयारीसाठी वापरता येते. एकाच मूव्हची ही दोन अगदी निराळी कामं आहेत, आणि आपल्याला यातलं कुठलं हवं आहे हे टीम बांधतानाच ठरवावं लागतं.

मिळालेल्या टर्नचं करायचं काय, हे झोपवण्यापेक्षा अवघड. झोपलेल्यावर हल्ला करणं हा सगळ्यात सोपा आणि बहुतेक वेळा सगळ्यात कमी फायद्याचा उपाय. कारण आपण हल्ला करणार हे समोरच्यालाही दिसतं; तो झोपलेल्याला मागे घेऊन आपला हल्ला सहज पचवणारा दुसरा पोकेमॉन पुढे करतो. त्यापेक्षा त्या टर्नला स्वोर्ड्स डान्स मारून आपली हल्ल्याची ताकद दुप्पट केली, तर मग पुढे कुणीही येवो, त्याला दुप्पट ताकदीचाच सामना करावा लागतो. ब्रेलूमचा जुना, गाजलेला डाव असाच होता: स्पोरने झोपवायचं, पक्क्या टर्नला सबस्टिट्यूट नावाचा बाहुला पुढे उभा करायचा, आणि त्या बाहुल्याच्या आडून फोकस पंच मारायचा. फोकस पंचची अट अशी की मारण्याआधी मार बसला तर तो फुकट जातो. बाहुला मार झेलत असताना ती अट आपोआप सुटते. या तीन मूव्ह एकमेकींना इतक्या घट्ट धरून आहेत की त्यातली एक काढली तर उरलेल्या दोन निम्म्या कामाच्याही राहत नाहीत.

ड्रीम ईटर, म्हणजे झोपलेल्याची स्वप्नं खाऊन आपला जीव भरून काढणारी मूव्ह, गोष्टीत फार भयंकर वाटते. सामन्यात तिला फारसं कुणी विचारत नाही. समोरचा झोपलेला असेल तरच ती चालते. चार मूव्हपैकी एक जागा अशा अटीसाठी अडवून ठेवणं परवडत नाही.

इथवर झोपवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं. आता ज्याच्यावर हे अस्त्र येणार त्याच्या बाजूने बघू. उताऱ्यांची यादी लांब आहे, पण मला त्यातले थोडेच महत्त्वाचे वाटतात.

पहिला उतारा जन्मजात. 2013 च्या ऑक्टोबरात एक्स आणि वाय या आवृत्त्या आल्या आणि गवती जातीच्या सगळ्या पोकेमॉनना भुकटीच्या मूव्ह लागेनाशा झाल्या. स्पोर आणि स्लीप पावडर दोन्ही त्यात आल्या. त्याच वेळी 'सेफ्टी गॉगल्स' हा डोळ्यांवर चढवायचा चष्मा आला. तो घातला की कुणालाही तेच संरक्षण. माझ्या मते झोपेच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा बदल. झोप काढून टाकली नाही, तिचा नेम कमी केला नाही. फक्त प्रत्येक टीमला तिच्याविरुद्ध उभं करता येईल असं कुणीतरी मिळालं, आणि झोपवणाऱ्याला आधी विचार करणं भाग पडलं. हिप्नोसिस आणि सिंग भुकटी नाहीत, त्यामुळे त्या गवती पोकेमॉनलाही लागतात, हे लक्षात असू द्या.

काहींच्या अंगातच जाग असते. इन्सोम्निया आणि व्हायटल स्पिरिट हे गुण असलेल्यांना झोप लागत नाही. स्वीट व्हेल असलेला तर शेजारच्या साथीदारालाही जागं ठेवतो. हॅटरीनचा मॅजिक बाउन्स झोपेची मूव्ह आली तशी मारणाऱ्यावर उलटवतो. गोल्डेंगोच्या अंगाला असल्या कुठल्याही मूव्ह चिकटत नाहीत. मैदानावर विजेचं किंवा धुक्याचं आवरण पसरलं असेल तर जमिनीवर उभ्या असलेल्या कुणालाच झोप लागत नाही, झोपवणाऱ्याच्या साथीदारालाही नाही. हवेत तरंगणारे मात्र या संरक्षणाबाहेर राहतात. फळांपैकी चेस्टो बेरी झोपेतून उठवते आणि लुम बेरी कुठल्याही दुखण्यातून, पण फळ एकदाच खाता येतं.

मला सगळ्यात आवडणारा उतारा थोडा उफराटा आहे. पोकेमॉनला एका वेळी असं एकच मोठं दुखणं लागू शकतं. अंग लुळं पडलेल्याला, भाजलेल्याला किंवा विषबाधा झालेल्याला झोप लागत नाही. म्हणून काही खेळाडू आपल्याच पोकेमॉनच्या हाती फ्लेम ऑर्ब हा पेटता गोळा देतात. तो पहिल्याच टर्नच्या शेवटी भाजतो, दर टर्नला थोडा जीव गमावतो, पण मग झोपेची भीती कायमची संपते. त्याच्या अंगात गट्स हा गुण असेल तर भाजल्यावर त्याचा हल्ला दीडपट होतो. उर्सालूना हे आडदांड अस्वल असंच खेळवतात. पहिल्या पिढीतल्या सामन्यांतही हे तत्त्व जाणकारांना ठाऊक होतं. कधीकधी ते आपल्या मोहऱ्याला मुद्दाम थंडर वेव्ह लागू द्यायचे, कारण लुळं पडण्यापेक्षा झोप वाईट.

स्वतःहून झोपण्याचाही डाव आहे. रेस्ट या मूव्हने पोकेमॉनचा सगळा जीव भरून येतो, सगळी दुखणी जातात आणि तो पुढच्या बरोबर 2 टर्न झोपतो. 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये स्लीप टॉक ही मूव्ह आली. झोपेत असताना ती निवडली की पोकेमॉन आपल्या इतर मूव्हपैकी एक नशिबाने मारतो. त्या आवृत्तीत रेस्ट आणि स्लीप टॉक घेतलेला स्नॉरलॅक्स मैदानातून हलवणं फार कठीण होतं. असा पोकेमॉन शत्रूची झोपही अंगावर घेऊ शकतो, कारण झोपेत त्याचं काम थांबत नाही. रेस्टसोबत चेस्टो बेरी दिली तर तो झोपतो आणि त्याच टर्नला उठतो.

यॉन म्हणजे जांभई ही मूव्ह या सगळ्यांत वेगळी. ती लगेच झोपवत नाही. पुढच्या टर्नच्या शेवटी झोप लागते, आणि तोवर पोकेमॉन मागे घेतला तर लागत नाही. म्हणजे जांभईचं खरं काम समोरच्याला पोकेमॉन बदलायला भाग पाडणं. मैदानात आधीच स्टेल्थ रॉकचे टोकदार दगड पसरले असतील तर आत येणाऱ्या प्रत्येकाला ते बोचतात. हिपाउडन हा वाळूतला पाणघोडा दगड पसरतो आणि मग जांभया देत बसतो. झोपायचं की दगड सोसायचे, एवढीच निवड तो समोरच्याच्या हाती ठेवतो.

या सगळ्या उताऱ्यांत एक गोष्ट समान आहे. सामना सुरू झाल्यावर ते सुचून उपयोग नाही. चष्मा द्यायचा, फळ द्यायचं, की गवती पोकेमॉन घ्यायचा, हे टीम बांधताना ठरलेलं असावं लागतं.

पुलगाव स्टेशनच्या बाकावर वर्ध्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या दोन कॉलेजच्या पोरांच्या फोनवर मी याचा एक नमुना पाहिला. आमच्याकडे निन्टेन्डोची यंत्रं दुकानात मांडलेली दिसत नाहीत. पुलगावसारख्या गावात हा खेळ पोचला तो मोबाईलमधून, आणि त्यातही 'पोकेमॉन शोडाउन'मुळे. 2011 पासून चालत असलेलं हे सामन्यांचं मैदान ब्राउझरमध्ये उघडतं, पैसे लागत नाहीत, पोकेमॉन पकडत हिंडावं लागत नाही. नावं लिहायची, मूव्ह निवडायच्या आणि खेळायला लागायचं.

सामना जोडीचा होता, म्हणजे दोन्हीकडचे दोन-दोन पोकेमॉन एकदम मैदानात. एका पोराकडे अमूंगस आणि पेटता गोळा घेतलेला उर्सालूना. ट्रिक रूम आधीच लागलेला, म्हणजे वेगाचा नियम उलटा: जो संथ तो आधी. अमूंगसचा मूळ वेग 30, तेव्हा स्पोर त्याच्या हातून सगळ्यांआधी सुटणार. कागदावर हा डाव जिंकल्यातच जमा. पण समोर दुसऱ्याने उभे केले होते रिलाबूम आणि गोल्डेंगो. रिलाबूम गवती जातीचा, त्याला स्पोर लागत नाही. गोल्डेंगोला झोपेची कुठलीच मूव्ह लागत नाही. "झोपवू कोनाले बे? दोघंबी झोपतच नाई," अमूंगसवाला म्हणाला.

मग त्याने अमूंगसचं दुसरं काम काढलं. रेज पावडर उडवली की समोरच्यांचे एकेकट्यावरचे हल्ले अमूंगसवर ओढले जातात आणि उर्सालूनाला मोकळीक मिळते. पण रेज पावडरही भुकटीच. गवती पोकेमॉनवर तिचाही परिणाम होत नाही. रिलाबूम मैदानात आला तेव्हाच गवताचं आवरण पसरलेलं होतं, आणि त्या आवरणावर त्याची ग्रासी ग्लाइड ही मूव्ह वेग न पाहता आधी होते. ट्रिक रूमचा उलटा नियम तिला लागू नाही. तेव्हा पहिल्या टर्नला गोल्डेंगोने प्रोटेक्ट करून स्वतःला झाकून घेतलं, रिलाबूमची ग्लाइड अमूंगसला बाजूला ठेवून थेट उर्सालूनावर गेली आणि त्याचा अर्ध्याहून जास्त जीव गेला. उर्सालूनाचा हल्ला गोल्डेंगोच्या प्रोटेक्टवर आपटून वाया. दुसऱ्या टर्नला तीच ग्लाइड पुन्हा. उर्सालूना गेला. अमूंगस मैदानात शाबूत होता आणि त्याच्या दोन्ही मोठ्या मूव्ह समोरच्या जोडीपुढे निकामी होत्या. सामना तिथेच फिरला. रिलाबूम आणि गोल्डेंगो एकदम पुढे करायचं त्या पोराने समोरच्याची सहा जणांची यादी पाहताच ठरवलं असणार.

एवढे उतारे असूनही झोपेवर बंदी आणण्याचा वाद कधी थांबला नाही, आणि तो वाद मला नुसत्या खेळापुरता वाटत नाही. निद्रेचं अस्त्र वापरावं की नाही हा प्रश्न आपल्या महाभारतातही दोनदा येतो. उद्योगपर्वात अंबेच्या कथेत भीष्म आणि परशुराम दिवसेंदिवस लढतात, आणि शेवटी भीष्म प्रस्वापन हे झोपवणारं अस्त्र काढतात. ते सोडण्याआधी नारद आणि देव मध्ये पडतात आणि गुरूवर हे सोडू नकोस म्हणून त्यांना थांबवतात. विराटपर्वात मात्र अर्जुन संमोहनास्त्र सोडतो. गायी पळवायला आलेले कौरव जागच्या जागी शुद्ध हरपतात, आणि राजपुत्र उत्तर एकेकाची वस्त्रं काढून आणतो. अर्जुन त्याला बजावतो की भीष्मांच्या जवळून जाऊ नकोस, कारण त्यांना या अस्त्राचा उतारा ठाऊक आहे. एका ठिकाणी अस्त्र आवरलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी ते चाललं आणि ज्याला विद्या होती तो त्यातून सुटला. पोकेमॉन खेळणाऱ्यांनीही हे दोन्ही मार्ग घेतलेले दिसतात.

आवरण्याच्या मार्गाची सुरुवात फार लवकर झाली. निन्टेन्डो 64 वरच्या 'पोकेमॉन स्टेडियम'च्या स्पर्धांमध्येच नियम होता की समोरच्याचा एक पोकेमॉन तुम्ही झोपवलेला असेल तर दुसरा झोपवता येणार नाही. याला 'स्लीप क्लॉज' म्हणतात. 2004 साली सुरू झालेल्या स्मोगन या खेळाडूंच्या मोठ्या मंडळाने एकास एक सामन्यांसाठी तो वर्षानुवर्षं पाळला. त्यातून एक नवाच डाव निघाला: आपल्याला फारशी गरज नसलेला पोकेमॉन मुद्दाम झोपेसमोर उभा करायचा. तो एकदा झोपला की समोरच्याची झोपेची मूव्ह उरलेल्या सामन्यासाठी निरुपयोगी, आणि चारपैकी एक जागा त्याने फुकट अडवलेली. त्यासाठी झोपलेल्याला उठू न देता मागे जपून ठेवायचं. पण अडचण अशी की मूळ खेळात असा नियम नाही. शोडाउनमध्ये तो बाहेरून घालावा लागतो. आणि झोपलेला एकच असला तरी तो किती टर्न झोपेल हे शेवटी नशीबच ठरवतं. स्कार्लेट आणि व्हायोलेटच्या काळात स्मोगनने आपल्या मुख्य वर्गातून झोपवणाऱ्या मूव्हच काढून टाकल्या. रेस्ट घेऊन स्वतः झोपायला मुभा आहे. मला हा निर्णय पटतो, पण एकास एक सामन्यांपुरताच. तिथे एक पोकेमॉन झोपला की तुमची मैदानातली सगळी ताकद झोपते. जोडीच्या सामन्यात दुसरा जागा असतो, तो काही तरी करू शकतो.

अधिकृत जागतिक स्पर्धा जोडीच्याच असतात आणि तिथे एकाहून जास्त जणांना झोपवायला आजही मनाई नाही. म्हणून तिथे तोल राखायचा तर खुद्द मूव्हच बदलाव्या लागतात. डार्क व्हॉइडची गोष्ट त्याचंच उदाहरण. ही मूव्ह मुळात डार्करायची, नेम 80 टक्के, आणि जोडीच्या सामन्यात समोरच्या दोघांनाही एकदम झोपवणारी. डार्कराय स्पर्धांमध्ये चालत नसे. पण स्मेर्गल हा शेपटीने चित्रं काढणारा पोकेमॉन कुणाचीही मूव्ह उतरवून घेऊ शकतो, त्याने डार्क व्हॉइडही उतरवली. 2016 च्या मोसमात त्याने इतका धुमाकूळ घातला की त्याला तोंड देण्याची तयारी प्रत्येक टीमला ठेवावी लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरात सन आणि मून आले तेव्हा डार्क व्हॉइडचा नेम 50 टक्क्यांवर आणला गेला आणि डार्करायखेरीज कुणी ती मारली तर ती फसेल अशी तजवीज झाली. स्मेर्गलचे ते दिवस संपले.

त्यानंतर दोन गोष्टींनी झोपेचं गणित आणखी बदललं. 2022 च्या नोव्हेंबरात आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेटमध्ये टेरास्टल ही युक्ती आहे: सामन्यात एकदा, एका पोकेमॉनची जात बदलता येते. ज्याची टेरा जात गवती ठेवली आहे तो बरोबर स्पोर येण्याच्या टर्नला गवती होतो आणि समोरच्याची मूव्ह हवेत जाते. दुसरी गोष्ट म्हणजे 2023 पासून मोठ्या स्पर्धांमध्ये सामन्याआधी दोघांच्या टीमचा पूर्ण तक्ता एकमेकांना देतात. मूव्ह, हातातली वस्तू, अंगभूत गुण, टेरा जात, सगळं उघड. लपवून आणलेल्या हिप्नोसिसचे दिवस तिथे गेले. आता अमूंगस समोर दिसला की त्याच्या मालकालाही माहीत असतं की तुमच्या कुणाकडे चष्मा आहे आणि कोण गवती होऊ शकतो. मग प्रश्न उरतो तो इतकाच की तुम्ही ते टेरास्टल याच टर्नला खर्चाल का. ते खर्च करायला लावणं हेही अमूंगसच्या मालकाच्या पथ्यावर पडतं, कारण सामन्यात ते एकदाच मिळतं. म्हणून कसलेला खेळाडू स्पोर मारण्याची नुसती भीती उभी करतो, समोरचा गवती होतो, आणि अमूंगस त्या टर्नला स्पोर न मारता रेज पावडरने दुसऱ्या, गवती न झालेल्या पोकेमॉनचे हल्ले ओढून घेत शेजारच्या साथीदाराला ट्रिक रूम लावून देतो.